पदकाविना कारखानदार : वालचंद हिराचंद आणि मोटारधंद्यातले मानसन्मान

(बत्हा, रियाध येथे मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)

शुक्रवारी संध्याकाळी बत्ह्यात पाय ठेवायला जागा नसते. मल्याळी हॉटेलांतला चहा, मोबाइलची दुकाने, घरी पैसे पाठवणाऱ्यांच्या रांगा, आणि त्या गर्दीत कुठेतरी चिपळूण-महाडचा, सोलापूर-नांदेडचा मराठी आवाज. अरबीत बत्हा म्हणजे पाणी वाहून गेलेली वाळू-गोट्यांची सखल जागा. इथून एकेकाळी खरोखरच ओढा वाहायचा, पाऊस झाला की लोंढा यायचा. आज तो ओढा रस्त्याखाली गेला आहे आणि वर रात्रंदिवस मोटारींचा लोंढा वाहतो. या सभेतलेही बरेच जण त्याच लोंढ्यावर पोट भरणारे. कोणी दम्मामच्या रस्त्यावर ट्रेलर चालवतो, कोणी गॅरेजात गिअरबॉक्स उतरवतो, कोणी कंपनीच्या बसवर आहे. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, माणसाचा पेशा लिहिलेला असतो. त्याने त्या पेशात काय मिळवले ते लिहायला तिथे रकाना नाही. मोटारधंद्यात मान कोणाला मिळाला, कोणी दिला आणि कोणाच्या वाट्याला आला नाही, हा विषय म्हणूनच या वस्तीत मांडण्यासारखा आहे.

सुरुवात इथूनच करता येते. बत्ह्याच्या उत्तरेला, फार लांब नाही, मुरब्बा राजवाडा आणि त्याला लागून राष्ट्रीय संग्रहालय आहे. सौदी राजे अब्दुलअझीझ यांच्या मोटारी त्या परिसरात जपलेल्या आहेत. त्यांतली एक रोल्स-रॉइस ही विन्स्टन चर्चिल यांनी १९४६ च्या सुमारास दिलेली भेट. त्या भेटीची एक हकिगत विल्यम एडी या त्या काळच्या अमेरिकी राजदूताने लिहून ठेवली आहे. गाडी विलायती पद्धतीची, स्टिअरिंग उजवीकडे. राजाला पुढच्या सीटवर बसायची सवय. म्हणजे चालकाच्या डाव्या हाताला बसावे लागणार, आणि इथल्या रीतीत डावी बाजू मानाची नाही. देणाऱ्याने मोठ्या मानाने दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या घरात अवघड होऊन बसली. मानसन्मानांचा इतिहास वाचताना ही गाडी डोळ्यांपुढे ठेवावी. सन्मान देणाऱ्याच्या मापाने शिवलेला असतो, तो घेणाऱ्याच्या अंगाला बसेलच असे नाही.

आता ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांचे नाव घेऊ. वालचंद हिराचंद दोशी. जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२. घर दिगंबर जैन, कापसाचा आणि सावकारीचा व्यापार. शिक्षण काही मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये, काही पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. पेढीवर बसायचे सोडून या तरुणाने लक्ष्मणराव फाटक नावाच्या रेल्वेतल्या कारकुनाशी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या मातीकामाचे कंत्राट घेतले. तिथून भोर घाटातले बोगदे, बोगद्यांवरून जहाजे, जहाजांवरून साखर, विमाने आणि मोटारी. लोक त्यांना शेठ म्हणत. त्या काळात मुंबईच्या बड्या उद्योगपतींची नावे ‘सर’ने सुरू होत: सर दोराबजी, सर पुरुषोत्तमदास, सर होमी. वालचंदांच्या नावापुढे असे काही कधी लागले नाही. त्यांच्या आयुष्याची गोष्ट या रिकाम्या जागेपासून सांगायला घेतली तर ती अधिक नीट कळते.

त्याच काळात इंग्लंडात काय चालले होते ते पाहू. विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डचा पोरगा, वयाच्या सोळाव्या वर्षी सायकली दुरुस्त करू लागला. मोटारी बनवून श्रीमंत झाला. १९१७ मध्ये युद्धसाहित्याच्या कामाबद्दल ओबीई, १९२९ मध्ये बॅरोनेट, १९३४ मध्ये लॉर्ड नफील्ड, १९३८ मध्ये व्हायकाउंट. नफील्ड यांनी मिळालेली संपत्ती दवाखाने आणि विद्यापीठांना वाटली, तेव्हा त्यांची लायकी नव्हती असे कोणी म्हणणार नाही. हर्बर्ट ऑस्टिनही असेच ‘सर’ आणि पुढे लॉर्ड झाले. इटलीत फियाटचे जोव्हान्नी अग्नेल्ली १९२३ मध्ये सिनेटर झाले. प्रत्येक देशाचे सरकार आपल्या मोटारवाल्याला पायरी-पायरीने वर चढवत होते, कारण मोटारीचा कारखाना म्हणजे पोलाद, रबर, काच, रंग, हजारोंचा रोजगार आणि लढाईच्या वेळी रणगाडे. सरकारला त्या कारखान्याची गरज होती. सन्मान त्या गरजेचाही होता.

हेन्री फोर्ड यांची गोष्ट याहून बोचरी आहे. १९२८ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना एलियट क्रेसन पदक दिले. ते तंत्रज्ञांनी तंत्रज्ञाचे केलेले कौतुक होते. दहा वर्षांनी, ३० जुलै १९३८ रोजी, फोर्ड यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी जर्मनीच्या दोन वाणिज्यदूतांनी येऊन हिटलरच्या सरकारचा ‘जर्मन ईगल’चा ग्रँड क्रॉस त्यांच्या कोटावर लावला. परकीयाला मिळणारा तो त्या राजवटीचा सर्वोच्च मान होता. अमेरिकेत गहजब झाला. आयबीएमच्या थॉमस वॉटसन यांना आदल्या वर्षी असेच जर्मन पदक मिळाले होते, त्यांनी ते १९४० मध्ये परत पाठवले. फोर्ड यांनी परत केले नाही. लक्षावधी लोकांना परवडेल अशी गाडी देणाऱ्या माणसाच्या चरित्रात ते पदक आजही डागासारखे उरले आहे. पदक घेताना देणारा हात कोणाचा आहे ते पाहावेच लागते, आणि फोर्ड यांनी ते पाहिले नाही.

मग हिंदुस्थानात? इथे १९३० च्या दशकात मोटारी धावत होत्या, पण बनत नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. परदेशातून खोक्यांत भाग यायचे, इथे बोल्ट आवळले जायचे आणि गाडी बाहेर पडायची. फोर्डचेही तसेच. हिंदी कामगाराने पाना फिरवावा, नकाशा दुसऱ्याचा असावा, नफा दुसरीकडे जावा. ही परिस्थिती सलणारा एक मोठा माणूस वालचंदांच्या आधी पुढे आला होता, तो म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्यांना मराठी माणूस परका मानत नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले विद्यार्थी, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातले इंजिनिअर, खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांचे जनक. १९११ मध्ये त्यांना सीआयई मिळाली, १९१५ मध्ये केसीआयई, म्हणजे ‘सर’. या सर्व बिरुदांसह, सत्तरी ओलांडल्यावर, १९३५ मध्ये ते युरोप-अमेरिकेत मोटारीचे कारखाने पाहत फिरले आणि हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना घेऊन आले. वालचंद या योजनेमागे उभे राहिले. मुंबईतल्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने सहानुभूती दाखवली, म्हैसूर संस्थानाने दाखवली. दिल्लीने दाखवली नाही. ज्या सरकारने विश्वेश्वरय्यांच्या छातीवर पदक लावले त्याच सरकारने त्यांच्या कारखान्याला दार बंद केले. युद्धाच्या काळात कारखान्याला प्राधान्य देता येणार नाही, असे कारण देण्यात आले. बाहेर युद्धासाठी हजारो ट्रक आयात होत होते.

वालचंदांची चिकाटी इथे पाहावी. फोर्ड कंपनीशी बोलणी केली, ती फळली नाहीत. मग क्रायस्लर कंपनीशी करार जमवला. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात विल्यम पॉली हा विमानांचा व्यापारी भेटला, आणि मोटारीचे परवाने अडलेले असताना वालचंदांनी विमानाच्या कारखान्याचे मनात घेतले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. सरकारला युद्धासाठी विमाने हवी होती, म्हणून विमानाच्या कारखान्याला परवानगी मिळाली. आणि १९४२ मध्ये सरकारने तो कारखाना ताब्यातही घेतला. वालचंदांना मोबदला मिळाला, कारखाना गेला. आज एचएएल म्हणून देश ज्या संस्थेचा अभिमान बाळगतो तिची ही सुरुवात. त्याबद्दल तेव्हाच्या सरकारने या माणसाला काही बिरुद दिले असते तर ते त्या रोल्स-रॉइससारखेच अवघडून बसले असते.

इथे एक आठवण सांगणे भाग आहे, कारण ती जेद्दाच्या बंदरापर्यंत येते. १९१९ मध्ये वालचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून एक जहाज घेतले, त्याचे नाव ‘लॉयल्टी’. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघाले. त्यातूनच सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी वाढली. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून ती बुडवायचा खटाटोप केला, तरी कंपनी टिकली. १९३७ च्या सुमारास सिंदियाने हज यात्रेकरूंच्या वाहतुकीतही उडी घेतली आणि ‘एल मदिना’ नावाचे खास जहाज बांधून घेतले. त्या धंद्यात आधीपासून असलेल्या मोगल लाइनशी भाड्यांची झुंज झाली. मुंबईच्या धक्क्यावरून जेद्दाला जाणाऱ्या यात्रेकरूंत कोकणातल्या गावांतली माणसे असत. पुढे ‘एल मदिना’ युद्धकामाला लागले, आणि १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने ते बुडवले. आज मुंबईहून विमानाने चार-पाच तासांत इथे उतरणाऱ्यांना हे ठाऊक असावे, की या वाटेवर एका सोलापूरकराच्या कंपनीचेही जहाज फिरत होते.

परत मोटारीकडे. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली, कारखाना मुंबईच्या कुर्ल्याला. १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याहून क्रायस्लरच्या परवान्याने गाड्या बाहेर पडू लागल्या: डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गोचे ट्रक. मराठी मुलखातल्या रस्त्यांवर फार्गो ट्रक पुढे वर्षानुवर्षे दिसला. ऊस, कांदा, कापूस त्यावर लादला गेला. १९५१ मध्ये फियाटशी करार होऊन छोट्या गाड्या सुरू झाल्या. तिकडे कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स मॉरिसच्या परवान्याने गाड्या बनवत होती. पुढची ॲम्बॅसडर ही लॉर्ड नफील्ड यांच्या ‘मॉरिस ऑक्सफर्ड’चीच हिंदी लेक. म्हणजे ज्या इंग्रजाला त्याच्या राजाने व्हायकाउंट केले त्याचा नकाशा बंगालात, आणि ज्या इटालियनाला सिनेटर केले त्याच्या कंपनीचा नकाशा कुर्ल्यात.

पण वालचंदांना फियाटचा धंदा फुललेला पाहता आला नाही. १९४९ मध्ये पक्षाघात झाला, कामकाज सुटले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई शुश्रूषेला होत्या. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचे निधन झाले.

ही तारीख लक्षात ठेवा. स्वतंत्र भारताच्या घटनेच्या अठराव्या कलमाने किताब रद्द केले होते. इंग्रजांचे ‘सर’ गेले, आणि त्यांच्या जागी देशाचे स्वतःचे सन्मान अजून आले नव्हते. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाले २ जानेवारी १९५४ रोजी, वालचंद गेल्यानंतर नऊ महिन्यांच्या आत. भारतरत्नाच्या मूळ नियमांत मरणोत्तर सन्मानाची सोय नव्हती. ती नंतर आली. १९५५ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळाले आणि एका मोटारस्वप्नाच्या एका भागीदाराचा देशाने योग्य मान केला. दुसरा भागीदार जुन्या आणि नव्या सन्मानांच्या मधल्या फटीत राहिला.

तरीही १९५३ हे वर्ष त्यांच्या बाजूने निकाल देऊन गेले, आणि तो निकाल कोणत्याही पदकापेक्षा जड आहे. टॅरिफ कमिशनने मोटारधंद्याची चौकशी केली आणि सरकारने धोरण ठरवले: ज्यांच्याकडे देशातच भाग बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी नुसत्या जुळणीचा धंदा आवरावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतले काम बंद केले. राहिले ते प्रीमियर, हिंदुस्थान मोटर्स, टेल्को, महिंद्र यांसारखे. शिवडीत खोकी उघडून बोल्ट आवळण्याला कारखाना म्हणू नये, हे विश्वेश्वरय्या आणि वालचंद पंधरा-अठरा वर्षे सांगत होते. ते सरकारी धोरण झाले त्याच वर्षी वालचंद गेले. पुढच्या चाळीस वर्षांत परवाना-राज्यामुळे हा धंदा सुस्तावला, गिऱ्हाईकाला गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, हेही खरे. पण भाग इथेच बनवण्याचा आग्रह धरल्यामुळे पुण्या-मुंबईभोवती लेथ चालवणाऱ्यांची, साचे बनवणाऱ्यांची, स्प्रिंग बनवणाऱ्यांची जी पिढी घडली तिच्याच मुलांना पुढे इथल्या, दुबईच्या, जर्मनीच्या कारखान्यांनी बोलावून घेतले.

मागाहून आलेले सन्मान आहेत, आणि ते कमी नाहीत. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला वालचंद हिराचंद मार्ग आहे. सांगलीचे १९४७ मध्ये सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे वालचंद महाविद्यालय झाले. तिथून बाहेर पडलेले इंजिनिअर आखातभर पसरले आहेत. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ‘लॉयल्टी’ निघाली तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. २००४ मध्ये टपाल खात्याने वालचंदांच्या चित्राचे तिकीट काढले. गं. दे. खानोलकरांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. यांतला सर्वांत मोठा सन्मान कोणता, असे विचारले तर उत्तर सांगलीचे कॉलेज असेच द्यावे लागेल. रस्त्याचे नाव बदलते, तिकीट पत्रावर चिकटून जाते. कॉलेजात दर वर्षी नवी मुले येतात.

एक तुलना अजून करावीशी वाटते, आणि तीही मराठी माणसाचीच. सुमंत मुळगावकर यांनी टाटांच्या टेल्कोत १९५४ पासून डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक उभे केले, पुढे पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडचा कारखाना वाढवला, आणि यंत्रे बनवणारी यंत्रेही इथेच बनली पाहिजेत असा आग्रह धरला. त्यांना पद्मभूषण मिळाले. पण १९९४ मध्ये टाटांनी काढलेल्या गाडीचे नाव ‘सुमो’ ठेवले, ते सुमंतमधला ‘सु’ आणि मुळगावकरच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘मो’ घेऊन. जपानी पहिलवानाच्या नावाशी जुळले म्हणून बहुतेकांना ते तिथूनच आले असे वाटले. गावोगावच्या स्टँडवर ‘सुमो भरली का?’ असे विचारणाऱ्या लाखो लोकांनी नकळत एका अभियंत्याचे नाव घेतले. कारखान्याने आपल्या माणसाला दिलेला असा मान जगात क्वचितच सापडेल. वालचंदांच्या नावाची गाडी कधी निघाली नाही. प्रीमियरच्या गाडीला १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ नाव मिळाले, ते राणीचे.

आणि त्या पद्मिनीचे काय झाले? चार दशके मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, लोकांच्या बोलीत ‘फियाट’. तिच्या मागच्या सीटवर बाळंतिणी घरी आल्या, वराती निघाल्या, पहिल्यांदा मुंबईत उतरलेली माणसे पत्त्याचा कागद हातात धरून बसली. आखातात नोकरीला निघालेल्या किती जणांनी विमानतळापर्यंतची शेवटची वाट त्याच टॅक्सीने कापली असेल, हे या सभेत हात वर करायला सांगितले तर दिसेल. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत; नावापुरता प्रीमियर रोड आहे.

या कारखान्यात घाम गाळणाऱ्या हजारो कामगारांपैकी कोणाला राजाचे किंवा राष्ट्रपतींचे पदक मिळाले नाही. त्यांच्या घरी असलेच तर कारखान्याचे ओळखपत्र असेल, पगाराची पावती असेल, संपाच्या वेळचा युनियनचा बिल्ला असेल. हे कागद कपाटात कुजतात किंवा दिवाळीच्या साफसफाईत रद्दीला जातात. वालचंदांचा सन्मान या कागदांशिवाय पुरा होणार नाही, कारण कुर्ल्याला गाडी बनवता येते हे त्यांनी म्हटले, पण ते करून दाखवले या माणसांनी.

म्हणून एक मागणी आणि एक विनंती. चर्चिलनी भेट दिलेली मोटार या शहराने जपली, ती पाहायला बत्ह्यातून मुरब्ब्यापर्यंत चालत जाता येते. मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने निदान एक पद्मिनी जपून ठेवा म्हणून मागणी केली होती. महाराष्ट्र सरकारने ती मान्य करावी, मुंबईच्या संग्रहालयात एक काळी-पिवळी पद्मिनी आणि एक फार्गो ट्रक उभा करावा, आणि त्यांच्याशेजारी कुर्ल्याच्या कामगारांची ओळखपत्रे लावावीत. आणि विनंती इथल्या मंडळींना: पुढच्या सुट्टीत गावी गेलात आणि वडिलांच्या किंवा आजोबांच्या ट्रंकेत प्रीमियर, टेल्को, बजाज, महिंद्र अशा कोणत्याही मोटार कारखान्याचा एखादा कागद सापडला, तर तो फेकू नका. त्याचा फोटो काढा, मागे नाव, खाते आणि साल लिहा, आणि जपून ठेवा.